सामूहिक उपसा सिंचनाचं मुदत कर्ज: एकरी हिशेब लावल्यावर कसं वाटतं?

एकरी १३ हजार ४६० रुपये. नदीचं पाणी पंपाने उचलून सभासदांच्या शेतांना देणाऱ्या पाणी संस्थेने काढलेलं दोन कोटींचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा समान वार्षिक हप्ते आणि भिजणारं क्षेत्र २४७ एकर धरलं, तर दर साली सभासदाच्या उसातून एवढी रक्कम वळती होणार. वीजबिल, पाटकऱ्याचा पगार, मोटार रिवाइंडिंग हे सगळं वेगळं. मंजुरीपत्राच्या आठ-दहा पानांत हा आकडा कुठेही नसतो. तिथे असतो एकूण हप्ता, ३३ लाख २५ हजार, आणि तो संस्थेच्या नावावर असल्यामुळे सभेत बसलेल्या कुणालाच आपला वाटत नाही.

आमचं एकूण मत आधीच सांगतो. हे कर्ज घेण्याजोगं आहे, पण तीन गोष्टी जुळल्या तरच: ऊसबिलातून कपात खरोखर होणार असेल, पाइपचा व्यास कंत्राटदाराने नव्हे तर हिशेबाने ठरलेला असेल, आणि पहिल्या हप्त्याची तारीख पहिल्या उसाच्या बिलानंतरची असेल. यातली एक जरी हुकली तरी योजना पाचव्या-सहाव्या वर्षी बंद पडते आणि बोजा मात्र सातबाऱ्यावर राहतो. कृष्णा, कोयना, वारणाकाठी अशा गंजलेल्या जॅकवेल (नदीकाठच्या पंपाच्या विहिरी) शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता हे कर्ज नेमकं कुणाचं? गावात याला सरसकट ‘नाबार्डचं कर्ज’ म्हणतात. नाबार्ड शेतकऱ्याला किंवा पाणी संस्थेला थेट कर्ज देत नाही. जिल्हा मध्यवर्ती किंवा व्यापारी बँक स्वतःच्या जोखमीवर कर्ज देते आणि नंतर नाबार्डकडून पुनर्वित्त, म्हणजे त्या कर्जापोटी पैसे, घेते. त्यामुळे व्याजाचा दर, तारण, हप्त्याचा महिना, मुदत या सगळ्या गोष्टी बँकेच्या शाखेत आणि मुख्य कार्यालयात ठरतात, आणि वाटाघाटही तिथेच करायची. नाबार्ड दर वर्षी प्रत्येक जिल्ह्याचा संभाव्यतायुक्त कर्ज आराखडा काढतं. सिंचनाला जिल्ह्यात किती कर्जाला वाव आहे ते त्यात लिहिलेलं असतं. शाखाधिकारी ‘आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणाला की तो आराखडा टेबलावर ठेवावा, बोलणं थोडं सरळ होतं.

पूर्वी लांब मुदतीचं कर्ज भूविकास बँक द्यायची. ती बँक अवसायनात गेली आणि २०२२ साली राज्य सरकारने तिच्या कर्जदार शेतकऱ्यांची सुमारे ९६४ कोटींची थकबाकी माफ करायचा निर्णय घेतला. त्याचा एक उलटा परिणाम अजून जाणवतो. ‘कधीतरी माफ होईलच’ हे वाक्य संस्थेच्या पहिल्याच सभेत कुणीतरी म्हणतो. ज्यांनी ती माफी घेतली त्यांच्या सातबाऱ्यावर त्याआधी किती वर्षं बोजा होता आणि त्या काळात त्यांना नवं कर्ज कुठे मिळालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

कर्जाची रक्कम ठरते ती पंप आणि पाइपवरून, म्हणून तिथून सुरुवात करू. १०० हेक्टर, म्हणजे २४७ एकर ऊस धरा. उन्हाळ्यात ऐन गरजेच्या दिवसांत रोज ६ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ६,००० घनमीटर. ठिबक असलं आणि गळती धरून ८५ टक्के पाणी मुळाला पोचलं, तरी नदीतून रोज साधारण ७,०६० घनमीटर उचलावं लागेल. हे १६ तासांत उचलायचं तर सेकंदाला १२२ लिटर. शेतीपंपाच्या फिडरवर थ्री फेज साधारण आठच तास मिळते, तेव्हा तेच पाणी आठ तासांत उचलायला २४५ लिटर. पंप दुप्पट, पाइप मोठा, ट्रान्सफॉर्मर मोठा, आणि कर्जही त्याच हिशेबाने. म्हणून प्रकल्प अहवालात सर्वांत आधी बघायची ओळ म्हणजे ‘रोज किती तास वीज गृहीत धरली आहे’. बऱ्याच अहवालांत १६ तास लिहिलेले असतात आणि जोडणी मात्र साध्या शेती फिडरवरची दाखवलेली असते. असा अहवाल बँकेच्या छाननीतून पास होतो. माळावरच्या शेवटच्या गटात मात्र ऊस वाळतो.

स्वतंत्र फिडर घ्यायचा तर लाइनचं काम महावितरणच्या परवानाधारक ठेकेदाराकडून स्वखर्चाने करून घेता येतं आणि महावितरणला १.३ टक्के देखरेख शुल्क भरावं लागतं. हा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसला तर तो शेवटी सभासदांकडून ‘जादा वर्गणी’ म्हणून गोळा होतो, आणि पहिलं भांडण तिथे होतं.

पंपाचा हॉर्सपॉवर काढायला सूत्र सोपं आहे: लिटर प्रति सेकंद गुणिले एकूण हेड (पाणी चढवायची उंची, घर्षण वगैरे धरून) मीटरमध्ये, भागिले ७५ गुणिले पंपाची कार्यक्षमता. उभा चढ ६० मीटर, पाइपातलं घर्षण १५, बेंड-व्हॉल्व्ह आणि वरच्या चेंबरचा (जिथून पाणी शेतांना वाटलं जातं) दाब ५, असे ८० मीटर धरले आणि कार्यक्षमता ०.७२ धरली, तर १८१ हॉर्सपॉवर येतात. शंभराचे दोन पंप चालू आणि एक राखीव. तिसरा पंप ‘नंतर बघू’ म्हणून वगळला की कर्ज कमी दिसतं. एप्रिलमध्ये एक मोटार जळली की रिवाइंडिंगला आठवडा जातो आणि तेवढ्यात निम्म्या क्षेत्राची पाळी चुकते.

आता पाइपचा व्यास. इथे जरा थांबतो, कारण या कर्जातली सर्वांत महाग चूक इथे होते आणि ती स्वस्त दिसते. तीन किलोमीटरची रायझिंग मेन, म्हणजे पंपापासून वर जाणारी मुख्य पाइपलाइन, धरा. सेकंदाला १२२ लिटर पाणी ३५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून गेलं तर घर्षणात साधारण १५ मीटर हेड जातं. तेच ३०० मिलिमीटरमधून पाठवलं तर ३२ मीटर. म्हणजे १७ मीटरचा जादा चढ आपणच पैसे देऊन बांधला. त्याला सुमारे ३८ हॉर्सपॉवर जादा लागतात, आणि वर्षाला २०० दिवस, रोज १६ तास या हिशेबाने एक लाखाच्या वर युनिट जादा जळतात. दर साली. पाइप पंचवीस वर्षं टिकणार असेल तर पंचवीस वेळा. कंत्राटदाराला अंदाजपत्रक बँकेच्या मर्यादेत बसवायचं असतं, आणि व्यास एक पायरी खाली आणणं हा त्याचा सगळ्यात सोपा उपाय. पीव्हीसीच्या पाइपवर छापलेला व्यास बाहेरचा असतो, तेव्हा दाबाचा वर्ग जसा वाढतो तसा आतला व्यास कमी होतो. हिशेब आतल्या व्यासावर झालाय का, हे स्वतः विचारा.

त्याच योजनेचं वीजबिल: १८१ हॉर्सपॉवर म्हणजे मोटारीची कार्यक्षमता धरून साधारण १५० किलोवॅट. १६ तासांचे २,४०० युनिट, २०० दिवसांचे ४ लाख ८० हजार. विजेच्या दरात युनिटमागे एक रुपया इकडे-तिकडे झाला की एकरी १,९४० रुपयांचा फरक पडतो. राज्य सरकारने उपसा सिंचन योजनांना सवलतीचा दर दिलेला आहे, उच्चदाबाला युनिटमागे १ रुपया १६ पैसे आणि लघुदाबाला १ रुपया. ही सवलत मुदतीची आहे. तिला मुदतवाढ मिळत आलीय, पण कर्ज दहा वर्षांचं आणि सवलत दोन-तीन वर्षांची, हे विसरू नये. प्रकल्प अहवालात सवलतीचा दर धरला असेल तर शेजारी पूर्ण दराचा रकाना मागून घ्या. दोन्ही रकान्यांत योजना उभी राहत असेल तरच सही करावी. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना असलेली मोफत वीज या मोठ्या पंपांना लागू नाही, हेही सभासदांना सभेतच स्पष्ट सांगितलेलं बरं.

त्या मोफत विजेचा आणि सौर कृषिपंपांचा एक आडवा फटका सामूहिक योजनेला बसतो. नदीलगतच्या ज्या सभासदाला चढ कमी आहे, तो स्वतःचा पाच किंवा साडेसातचा पंप बसवून संस्थेतून अंग काढून घेतो. त्याचं बरोबरच आहे. पण २४७ एकरांपैकी ८७ एकर असे गळाले की उरलेल्या १६० एकरांवर कर्जाचा हप्ताच एकरी २० हजार ७८० होतो. म्हणून क्षेत्र मोजताना काठावरच्या जमिनी धरूच नयेत. ज्यांना या लाइनशिवाय पाणीच नाही असे गट मोजा. योजना लहान दिसेल, पण ते क्षेत्र पळून जाणार नाही.

कागदपत्रांची यादी बँक छापून देते, ती इथे परत देत नाही. त्यातले जे कागद वेळ खातात तेवढेच सांगतो. पाटबंधारे विभागाचा पाणी उपसा परवाना हा पहिला. त्यात उपशाची जागा, गट नंबर, पंपाचे हॉर्सपॉवर आणि भिजणारं क्षेत्र लिहिलेलं असतं. नंतर डिझाइन बदललं की परवाना आणि अहवाल यांतले आकडे जुळत नाहीत आणि फाइल अडकते. म्हणून आधी डिझाइन पक्कं करा, मग परवान्याचा अर्ज. दुसरा कागद महावितरणचं लोड मंजुरीपत्र. तिसरा, आणि सर्वांत चिवट, पाइपलाइनच्या वाटेतल्या जमिनींची संमती. एक जण अडून बसला की लाइन तीनशे मीटर वळसा घेते, दोन बेंड वाढतात आणि घर्षण परत वाढतं. यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४९ आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट न्यायला तहसीलदार परवानगी देऊ शकतात; पाइपलाइन जमिनीच्या पृष्ठापासून किमान अर्धा मीटर खोल असली पाहिजे आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. अर्धा मीटर हे कायद्याचं किमान आहे. ट्रॅक्टरच्या सबसॉइलरचं टोक त्याच्या जवळपास जातं, म्हणून प्रत्यक्षात पाइपच्या डोक्यावर एक मीटर माती ठेवावी.

संस्थेचं लेखापरीक्षण मागच्या वर्षापर्यंत झालेलं असलं पाहिजे. नवी संस्था असेल तर नोंदणी, उपविधी आणि कर्ज उभारणीच्या मर्यादेला सहायक निबंधकांची मान्यता. उपविधीत ‘थकबाकीदाराचं पाणी तोडण्याचा अधिकार’ स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. नमुना उपविधीवर नुसती सही करून आलेल्या संस्थांना नंतर व्हॉल्व्ह बंद करायची हिंमत होत नाही, आणि केला तर भावकीचं प्रकरण तालुक्याला जातं.

स्वनिधी बँक साधारण १५ ते २५ टक्के मागते. दोन कोटींच्या कर्जाला २५ टक्के स्वनिधी धरला तर सभासदांना ६६ लाखांच्या वर आधी गोळा करावे लागतात, एकरी २७ हजार. इथे बऱ्याच ठिकाणी एक पळवाट काढली जाते: कंत्राटदार अंदाजपत्रक फुगवतो आणि स्वनिधी ‘भरल्याचं’ दाखवतो. कागदावर सगळं जुळतं. कर्ज मात्र खऱ्या किमतीच्या शंभर टक्के होऊन बसतं आणि त्यावरचं व्याज सभासद भरतात. ज्या योजनेत सभासदाने खिशातून पहिला रुपया घातलेला नाही, तिथे वसुलीला गेलं की ‘माझी कुठं सही आहे’ हे उत्तर मिळतं.

वितरणाबद्दल बँकांची पद्धत एकूण चांगली आहे. पैसे टप्प्याटप्प्याने, बँकेच्या पॅनेलवरच्या इंजिनिअरने मूल्यांकन केल्यावर, पाइप आणि पंपाच्या पुरवठादाराच्या खात्यात थेट जातात. संस्थेच्या हातात रोकड येत नाही, हे ठीकच. अडचण वेळेची. चर खोदायला मोकळं रान मिळतं ते ऊस तुटल्यावर, फेब्रुवारी ते मेपर्यंत. मंजुरी मार्चअखेरच्या गडबडीत येते, पहिला टप्पा एप्रिलच्या शेवटी, पाइप मे महिन्यात, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या चरात पाणी साचतं. पुढचे चार महिने काम बंद. पाइप बांधावर उन्हापावसात पडून. व्याज मात्र पहिला टप्पा दिल्या दिवसापासून चालू. म्हणून अर्ज सप्टेंबरआधी आत गेला पाहिजे, म्हणजे मंजुरी डिसेंबर-जानेवारीत पडते. ते जमणार नसेल तर पहिला टप्पा मुद्दाम फेब्रुवारीपर्यंत उचलू नका. मंजूर झालं म्हणून लगेच उचलायचं असं काही नसतं.

यातूनच पुढची गोष्ट निघते, सवलतीच्या कालावधीची. बँका हप्ता सुरू व्हायला एक किंवा दोन वर्षं देतात, पण ती मोजतात पहिल्या वितरणापासून. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाचं गणित बघा. पाणी मे महिन्यात चेंबरला पोचलं, जुलैमध्ये लागण झाली, ऊस तुटला पुढच्या वर्षीच्या डिसेंबरला, बिल आलं जानेवारीत. पाणी आल्यापासून वीस महिने झाले. त्याआधी बांधकामाचे सहा ते दहा महिने गेलेत. म्हणजे पहिल्या वितरणापासून दोन वर्षांत पहिला हप्ता मागितला तर सभासदाच्या हातात अजून एक कांडंही विकलेलं नसतं. तो हप्ता मग सोसायटीच्या पीककर्जातून किंवा सावकाराकडून भरला जातो, नाहीतर थकतो आणि खातं पहिल्याच वर्षी बिघडतं. सवलतीच्या काळातलं व्याज भरलं नाही तर तेही मुद्दलात जातं. दोन कोटींचे साडेदहा टक्क्यांनी दोन वर्षांत २ कोटी ४४ लाख होतात. म्हणून दोन गोष्टी मागा: सवलत ‘पाणी वितरण चेंबरला पोचल्याच्या दाखल्यापासून’ मोजावी, आणि हप्ता वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये असावा. जून-डिसेंबर असा सहामाही हप्ता शहरातल्या यंत्रमागाला ठीक, उसाला नाही. हप्त्याचा महिना बदलून देणं शाखेच्या हातात नसलं तरी मुख्य कार्यालयाच्या कर्ज समितीच्या हातात असतं.

दहाऐवजी पंधरा वर्षं मुदत मागितली तर हप्ता ३३ लाखांवरून २७ लाखांवर येतो, एकरी साधारण १० हजार ९५०. एकूण व्याज अर्थात जास्त जातं. तरीही आमचा कल लांब मुदतीकडे आहे, कारण या योजना व्याजाच्या बेरजेने मरत नाहीत, एखाद्या वाईट सालातल्या न भरलेल्या हप्त्याने मरतात. मुदतीआधी भरल्यास दंड नाही एवढं लिहून घ्या, म्हणजे चांगल्या सालात जादा भरता येतं.

आता वसुली. एकरी ४० टन आणि टनाला ३ हजार धरले तर सव्वा लाखाच्या आतबाहेर बिल होतं. त्यातून १३-१४ हजार हप्ता आणि वर पाणीपट्टी, हे पेलण्यासारखं आहे. प्रश्न रांगेचा आहे. कारखान्याच्या ऊसबिलातून आधी विकास सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, मग कारखान्याचं बियाणं-खत, आणि मग पाणी संस्थेचा नंबर. बिल हप्त्याहप्त्याने आलं तर पहिल्या हप्त्यात पाणी संस्थेच्या वाट्याला काही उरत नाही. सहकार कायद्याच्या कलम ४८अ खाली सभासदाने कपातीचा करार करून दिला की खरेदीदाराने रक्कम कापून संस्थेला द्यायची असते. असा करार प्रत्येक सभासदाकडून, वारसांच्या सह्यांसह, कर्ज उचलायच्या आधी करून घ्यावा. नंतर कुणी सही करत नाही.

आणि करार कुठल्या कारखान्याशी? कराड, वाळवा, पलूस भागात एका गावाचा ऊस तीन-चार कारखान्यांना जातो. थकबाकीदार सभासद दुसऱ्याच कारखान्याला ऊस घालतो, किंवा त्याच कारखान्याला पाहुण्याच्या नावावर घालतो. गट नंबर तोच, नोंद मेहुण्याची. संस्थेच्या सचिवाकडे यावर एकच साधन आहे. लागणीच्या नोंदी होतात तेव्हाच, जुलै ते ऑक्टोबर, कारखान्याच्या गट कार्यालयातून गट नंबरनिहाय यादी घ्यायची आणि आपल्या पाळीपत्रकाशी ताडून बघायची. नाव बदललेलं दिसलं की गट नंबरवर कपातीचं पत्र तेव्हाच द्यायचं. डिसेंबरमध्ये उशीर झालेला असतो. गुऱ्हाळाला गेलेल्या उसाचं मात्र काहीच करता येत नाही; तिथे पाळी देण्याआधी रोख घ्यायचं. एवढं करूनही थकलं तर कलम १०१ खालचा वसुली दाखला आहेच, पण तो मिळून प्रत्यक्ष जप्तीपर्यंत दोन-तीन हंगाम सहज जातात.

तारणाबद्दल बँकांना आम्ही कमी गुण देतो. योजनेची यंत्रसामग्री आणि पाइपलाइन गहाण असतानाही सभासदांच्या जमिनींवर पूर्ण कर्जाचा बोजा चढवतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत अशी नोंद पडली की त्या शेतकऱ्याला वैयक्तिक विहिरीला, गोठ्याला, मुलाच्या शिक्षणाला तीच जमीन दाखवून कर्ज मिळत नाही. बोजा प्रत्येकाच्या क्षेत्राच्या प्रमाणात, रकमेसह चढवावा, ‘संस्थेचे संपूर्ण कर्ज’ असा नव्हे. एकरी ८१ हजारांचा बोजा आणि दोन कोटींचा बोजा यांत काय फरक पडतो, ते जमीन विकायची किंवा वाटणी करायची वेळ आली की कळतं.

पुराचा मुद्दा सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ला परत पूर. जॅकवेलवरची मोटार आणि स्टार्टर पॅनेल यांची उंची लाल पूररेषेच्या वर आहे का, हे बँकेचा इंजिनिअर क्वचितच तपासतो. पॅनेलची खोली दोन मीटर उंच घ्यायला जो खर्च येतो, तो पॅनेल एकदा भिजल्यावर येणाऱ्या खर्चापेक्षा कमीच असतो. विमा कर्जासोबत सक्तीने घेतला जातो, पण पॉलिसीत पूर आणि चोरी ही दोन्ही कलमं आहेत का, हे वाचा. डीपीतलं तांबं आणि केबल चोरीला जाणं पुरापेक्षा जास्त वेळा घडतं.

वीज अचानक गेली की चढावरचं पाणी मागे फिरतं आणि पाइपाला आतून हातोडा बसतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह आणि लांब लाइनला झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह अंदाजपत्रकात आहेत का ते मोजून घ्या. पहिल्या दोन वर्षांत फुटणाऱ्या जॉइंटांपैकी बरेचसे याच कारणाने फुटतात, आणि तेव्हा कंत्राटदाराची पाच टक्के अनामत संस्थेकडे असली तर तो फोन उचलतो.

ठिबकचा खर्च या कर्जात घालू नये. त्याला वेगळं अनुदान आहे: ‘प्रति थेंब अधिक पीक’मधून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५, त्यावर राज्याचा पूरक हिस्सा धरून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत. अनुदान उशिरा येतं, म्हणून ठिबकचं कर्ज सभासदाने वैयक्तिक आणि कमी मुदतीचं घ्यावं.

हे कर्ज टाळून सरकारच्या पैशातून लाइन होईल का, असा प्रश्न दर सभेत येतो, तर त्याचंही थोडक्यात. नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधीतून, जो १९९५-९६ साली सुरू झाला, सिंचनाच्या कामाला खर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सात वर्षांच्या परतफेडीने, त्यात दोन वर्षं सवलत. पण कर्जदार राज्य सरकार असतं. ग्रामपंचायत किंवा पाणी संस्था तिथे थेट अर्ज करू शकत नाही. काम खात्याच्या यादीत घालून घ्यावं लागतं. दीर्घकालीन सिंचन निधीचंही तेच. आपल्याकडची कृष्णा-कोयना उपसा योजना, म्हणजे ताकारी-म्हैसाळ, शिवाय तारळी, धोम-बलकवडी, वांग, कुडाळी, मोरणा-गुरेघर ही कामं केंद्राच्या ज्या ९९ प्रकल्पांच्या यादीत होती, त्या यादीसाठी हा निधी २०१६-१७ला उभा राहिला. त्याचा बोजा कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, आणि टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या वीजबिलातला ८१ टक्के भार सरकार उचलतं, शेतकऱ्याकडे १९ टक्के. तुमचं क्षेत्र या योजनांच्या लाभक्षेत्रात येत असेल आणि वितरिका दोन-तीन वर्षांत पोचणार असेल, तर स्वतःची उपसा योजना कर्ज काढून करू नका. आधी लाभक्षेत्राच्या नकाशात आपला गट नंबर आहे का, ते पाटबंधारेच्या उपविभागात जाऊन बघा. एक चक्कर, अर्धा दिवस.

पिण्याच्या पाण्याचा विषय वेगळा. जलजीवनमध्ये गावाने साधारण १० टक्के लोकवर्गणी भरायची असते, डोंगरी आणि अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य गावांना ५. त्यासाठी ग्रामपंचायतीने बाहेरचं कर्ज काढायचं कारण नाही. अगदीच नड असली तर जिल्हा परिषदेकडचा जिल्हा ग्राम विकास निधी आहे. ग्रामपंचायत त्यात दर वर्षी उत्पन्नाच्या ०.२५ टक्के भरतच असते. स्वतःच भरलेल्या निधीतून कर्ज मागायचं असतं, हे निम्म्या सरपंचांना ठाऊक नसतं.

गुण द्यायचेच तर दहापैकी सहा. वितरणाच्या पद्धतीला चांगले, तारणाला कमी, हप्त्याच्या वेळापत्रकाला सगळ्यात कमी. ज्या गावात एकाच कारखान्याला ऐंशी टक्क्यांवर ऊस जातो, चढ ७० मीटरच्या आत आहे आणि स्वनिधी खराच गोळा झालाय, तिथे खुशाल घ्या. चढ शंभरच्या वर, चार कारखाने आणि काठावरच्या जमिनी धरून फुगवलेलं क्षेत्र असेल तर शाखेत जायच्या आधी एक रिकामा कागद घ्या, वरच्या सूत्राने हॉर्सपॉवर काढा, युनिट काढा, हप्ता एकरांनी भागा आणि तो एकच आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहून आठ दिवस तसाच राहू द्या.